पाटलानं धोकटी बोलावली

आमच्या गावात न्हावी येत नसे, धोकटी येत असे. धोकटी म्हणजे वस्तरा, कात्री, वाटी, आरसा ठेवायची चामड्याची पिशवी. ती बाबांच्या काखेत असायची आणि लोक बाबांनाही तेच म्हणायचे. "धोकटी आली का बे?" ओसरीवरून विचारणा व्हायची.

महाराष्ट्र राज्य नवं होतं. मी मेहकरला शिकत होतो, समतेची पत्रकं वाटत होतो, आणि हा शब्द मला चपलेतल्या खड्यासारखा टोचत होता. शब्दकोशात अर्थ सापडला, मूळ सापडलं नाही. एक मित्र गळ्यावरून बोट फिरवत म्हणाला, "गयावर वस्तरा म्हनून धोका, धोका म्हनून धोकटी!" मला हसू आलं नाही. शब्द आधी पिशवीचाच असणार. माणसाला तो चिकटवला हाक मारणाऱ्यांनी.

त्या वर्षी बाबांनी एस.टी. थांब्याजवळ टपरी टाकली. देऊळगाव राजाहून लाकडी खुर्ची आणली, धोकटी खिळ्याला अडकवली आणि सांगून टाकलं, "आता घरोघरी जानं बंद. ज्याले पायजे त्यानं इथं यावं." पाटलांचं बोलावणं आलं तर बाबा टिकतील का? सुट्टीभर मी टपरीसमोर येरझाऱ्या घालत होतो.

एके सकाळी पाटलांचा सालदार आलाच. खुर्चीत गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलेलं.

"चाल लवकर. पाटलानं धोकटी बोलावली."

बाबांचा वस्तरा थांबला. "काय बोलावलं?"

"धोकटी! ऐकू नाही येत काय?"

माझ्या तोंडात अख्खं भाषण तयार होतं. बाबांनी हातानंच मला गप्प केलं. खिळ्यावरची धोकटी काढून झटकली आणि सालदाराच्या हातात दिली.

"घेऊन जाय."

"हे तं रिकामी हाये!"

"धोकटीच बोलावली ना? मले कुठी बोलावलं?"

सालदार पाय आपटत गेला. बाबांनी वस्तरा उचलला आणि गिऱ्हाइकाच्या मानेवर भराभर चालवू लागले.

"दादा, दम घ्या जरा," गिऱ्हाईक म्हणालं, "मान माही हाये."

त्यानंतर पाटलांच्या भावकीतलं कुणी फिरकलं नाही. खुर्ची दुपारभर मोकळी. बाबा वस्तरा परजत बसायचे, मी रस्त्याकडे बघत.

मग एका बाजाराच्या दिवशी पाटील स्वतः आले, दाढी वाढलेली. धोकटी बाकावर ठेवली आणि बाहेर बघत विचारलं, "खुर्ची रिकामी हाये काय?"

"हाव. बसा."

धोकटी म्हणाले नाहीत. पण बाबांचं नावही घेतलं नाही. गावाला ते पुरेसं वाटलं. मला अजून वाटत नाही.