देवानंदची कडक इस्त्री

"कडक हाय बे, कडक! आपली नस कडक निघाली!"

डोणगावच्या शाळेत भरलेल्या तपासणी शिबिरातून देवानंद असा ओरडत बाहेर आला, की झाडावरचे बगळे उठले ते थेट मेहकरला जाऊन बसले. खोटं वाटत असेल तर मेहकरच्या बगळ्यांना विचारा. गेल्या महिन्यात देवानंद गेला, आणि तेव्हापासून माझ्या कानात तेच ओरडणं बसलंय...

आमचा देवानंद इस्त्रीवाला. त्यानं पँटीला पाडलेल्या घडीवर कांदा चिरता यायचा. एकदा त्याच्या कॉलरीनं नवरदेवाची हनुवटी सोलली, तरी नवरदेव खूश! गिऱ्हाईक कपडे टाकताना एकच शब्द बोले, "कडक." देवानंदच्या लेखी याहून मोठी शाबासकी नव्हती. चहा कडक, भाषण कडक, जावईही कडक.

त्या शिबिरात बीपी नसलेल्यांनाच बोलावलं होतं. आडवं झोपवायचं, दंडांना आणि घोट्यांना पट्टे बांधायचे. ना सुई, ना रक्त. नाडीची लाट अंगातून किती वेगानं धावते, ते यंत्र सांगायचं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, बीपी नॉर्मल आहे. पण धमन्या कडक झाल्यात. लाट फार जोरात धावतेय." नॉर्मल, कडक आणि वर जोरात! देवानंदनं पुढचं ऐकलंच नाही. रस्त्यात भेटेल त्याच्यापुढे मनगट धरायचा, "पाह्य, हात लावून पाह्य!"

बाई भल्या. दुकानात आल्या. "काका, धमनी रबरासारखी लवचीक हवी. कडक होणं चांगलं नाही. बुलढाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, मीठ कमी करा."

देवानंदनं इस्त्री उभी केली. "बाई, मले बीपी हाय का?"

"नाही."

"मंग काऊन भेव दाखवता?"

आणि त्यांचा ॲप्रन मागून घेऊन त्यानं असा कडक करून दिला, की परत जाताना ॲप्रन पुढे आणि बाई मागे.

सगळे हसले. त्याची बायको, शांतावहिनी, हसली नाही. त्या दिवसापासून घरातली भाजी अळणी झाली. वहिनी रोज सकाळी म्हणायची, "चला, आज बुलढाण्याले जाऊ." तो म्हणायचा, "लग्नसराई सरू दे वं."

लग्नसराई सरली नाही. एका नवरदेवाच्या सदऱ्याची एक बाही करून तो स्टुलावर टेकला, तो उठलाच नाही. दाखवलं असतं तर वाचला असता का, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. मी धावत गेलो. ज्याच्या हाकेनं एसटीचे ब्रेक लागायचे, तो गप्प होता. हात हातात घेतला... आयुष्यभर वाफ खाल्लेली बोटं, इतकी मऊ असतील असं कधी वाटलं नव्हतं.

आता दुकान वहिनी चालवते. टेबलावरच्या चादरीला त्याच्या कोपराचा खळगा पडलाय. तिथं ती हात टेकत नाही. परवा मी पांढरा सदरा घेऊन गेलो, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "वहिनी, कडक करजा."

तिनं सदरा झटकला, पाणी शिंपडलं. वर पाहिलं नाही.

"नाही भाऊ," ती म्हणाली, "आता इथं नरमच करते."