खिशात किल्ली, गाडी फाटकावर

ती घटना मी विसरलेलो नाही. आजही रेल्वे फाटक बंद दिसले की मला आधी ती पिकअप आठवते.

लोह्याच्या ठाण्यात असताना एका दुपारी उदगीरचे एक धान्य व्यापारी आपल्या जुन्या ड्रायव्हरचा दंड धरून आत आले.

"साहेब, माझी नवी पिकअप गेली. चोर मीच धरून आणलाय."

गाडी महागडी होती. किल्ली खोचायची भानगड नाही. ती खिशात असली की बटण दाबून गाडी चालू करायची, पुन्हा बटण दाबून बंद. गियरच्या दांड्याच्या जागी एक गोल खुंटी. किल्ल्या दोनच, एक मालकाकडे, दुसरी ड्रायव्हरकडे. नवी गाडी म्हणून मालक स्वतः चालवत लोह्याला आले, मंदिरासमोर उतरून दर्शनाला गेले. ड्रायव्हर वडा खायला गेला. परत येऊन पाहतात तर जागा रिकामी.

"मी गाडी बंद करून उतरलो," मालक शपथेवर सांगत होते. "मग चालू कुणाच्या किल्लीनं झाली?"

तर्क बिनतोड होता. मी ड्रायव्हरला समोर बसवले.

"कुणाला चालू करून दिलीस?"

"साहेब, गाडी चोरून कुणी वडा खात बसतं का?" मग त्याचा आवाज उतरला. "आमच्या मालकांनी, आप्पांनी, सगळ्या मोंढ्यात फोन करून मला चोर म्हणलं. आता त्या धान्यबाजारात कोण मला गाडी हाती देईल?"

अटकेची नोंद करायला घेतली आणि उदगीरहून फोन आला. रेल्वे फाटकावर एक पिकअप आडवी उभी होती, मागे रांग लागली होती आणि एक इसम लोकांना "धक्का मारा" म्हणत होता. चार माणसांनी जोर लावला, गाडी तसूभर हलली नाही. इसम आत वाकून गियरचा दांडा शोधू लागला, तेव्हा ही गाडी याची नव्हे हे ओळखून लोकांनी त्यालाच धरले. पूर्वी मोटारसायकली चोरणारा, आमच्या ओळखीचा गडी.

"फाटकावर गाडी बंद का केलीस?" त्याला ठाण्यात आणल्यावर मी विचारले.

"सवय हाय, साहेब. फुकट डिझेल कशाला जाळायचं? मग पुन्हा चालूच होईना."

"अन् लोह्यात चालू कशी केलीस?"

"मी कुठं केली? चालूच होती. आत एसी बी लावलेला."

मालक उसळले. मी वाद घातला नाही. गाडी ठाण्याच्या आवारात आणवली, किल्ली मालकांना दिली आणि म्हणालो, "आप्पा, एक चक्कर मारा आणि मंदिरासमोर उतरलात तसे उतरा."

त्यांनी चक्कर मारली. गाडी थांबवली, जुन्या गाडीची किल्ली फिरवावी तशी खुंटी फिरवली, खिसा चाचपला. किल्ली होती. ते उतरले, दार लावले. गाडीने बीप-बीप केले.

"बघा, बंद झाल्याचं सांगती," ते म्हणाले आणि ऐटीत माझ्याकडे आले.

मागे इंजिन चालूच होते; किल्ली दूर गेली तरी ते बंद पडत नव्हते, बीप त्याचाच इशारा होता. त्यांची जुनी पिकअप चालू असली की बोनेटवरचा चहा सांडायचा. ही कुजबुजत होती. सगळ्यात आधी चोर हसला. मालकांनी मागे वळून पाहिले, परत गेले आणि बटण दाबले. कुजबुज थांबली.

मग ते ड्रायव्हरला म्हणाले, "चल, गाडी काढ. घरी जाऊ."

ड्रायव्हरने खिशातली किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "आधी मोंढ्यात चला, आप्पा. चोर म्हणून फोन केले तेवढ्या सगळ्यांसमोर सांगा. मग काढतो."

मालकांनी मान डोलावली. गाडी त्यांनी स्वतःच चालवली. ड्रायव्हर शेजारी बसला.

तेव्हापासून तपासात मी माणसाला तू काय केलेस एवढेच विचारून थांबलो नाही. करून दाखव, म्हणायचो. तोंड शपथेवर बोलते, हात सवयीने चालतात. त्या दिवशी सवयीने चोर पकडून दिला आणि सवयीनेच एक निरपराध माणूस माझ्या कोठडीच्या दारापर्यंत आणला होता.