ताईसाठी भीतीचे पिक्चर

मी कराड सोडलं त्या दिवशी सगळे मला विमानतळावर सोडायला निघाले होते. दाजी गाडी चालवत होते, आई पुढं बसून पदरानं डोळे टिपत होती आणि मागं माझ्या शेजारी ताई. खंबाटकीचा बोगदा आला तसा ताईनं भुताचा पिक्चर सांगायला घेतला. नवीन घर घेतलेल्या बाईला भिंतीआड आणखी एक खोली सापडते, तसला काहीतरी. आई वैतागली. "पोरगा परदेशी निघालाय आणि तू भुतंखेतं काय काढलीस?" पण ताईनं तो पुण्यापर्यंत पुरवला. मला रडू येऊ नये म्हणून ती सांगत होती, हे मला विमानात बसल्यावर कळलं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, झेडपीच्या शाळेत शिक्षिका. भीतीच्या पिक्चरची तिला भारी आवड, आणि अटीही भारी. रक्ताचे पाट नकोत. भुताला काहीतरी कारण पाहिजे. कुत्रं मरता कामा नये. आणि शेवटी सगळं स्वप्न होतं म्हणणाऱ्याला ती कधी माफ करत नसे.

ब्रॅम्पटनमधला माझा पहिला ऑक्टोबर आला तेव्हा हॅलोविनसाठी, म्हणजे तिथल्या भुतांच्या सणासाठी, आमच्या गल्लीतल्या लॉनवर खोटी थडगी उगवली. झाडांना सांगाडे लटकले. मी बेसमेंटमध्ये राहायचो; वरच्या घरमालकानंही दारात कवटी ठेवलेली, भुताचं सोंग घेऊन येणाऱ्या पोरांसाठी चॉकलेटं भरून. मी ताईला फोटो पाठवले. तिला फार मजा वाटली. आपण भूत येऊ नये म्हणून दाराला लिंबू-मिरची बांधतो आणि ही माणसं त्याला गोळ्या-चॉकलेटं देतात, म्हणाली. मग विचारलं, तिथले लोक या दिवसांत काय बघतात? मला एक चांगला सांग.

तिथून ते सुरू झालं. वेअरहाऊसमध्ये माझी सुपरवायझर शेरॉन हॅलोविनवेडी. तिला विचारलं की ती पॅकिंग स्लिपच्या मागं पाच-सहा नावं लिहून द्यायची. मी आधी स्वतः बघायचो, ताईच्या अटींत बसतो का ते तपासायचो आणि मग कळवायचो. हा बघ, पण शेवटची दहा मिनिटं सोडून दे. ही मालिका आठ भागांची आहे, गावातली माणसं एकेक करून स्वतःची नावं विसरतात. तिसऱ्या भागापर्यंत दम धर. तीन ऑक्टोबर असे गेले.

चौथ्या वर्षी जूनमध्ये ताईला कॅन्सर निघाला. लिव्हरपर्यंत पोचलेला.

नेमकी तेव्हाच माझी वर्क परमिटची मुदत संपली होती. नवा अर्ज दाखल केला होता, पीआरची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, फाइलही अडकलेली. देशात असेपर्यंत काम करता येत होतं; बाहेर पडलो तर परत आत घेतील याची खात्री नाही, असं व्हिसाचं काम बघणाऱ्या कन्सल्टंटनं सांगितलं. मी रोज शिफ्टच्या आधी अर्जाचं पोर्टल उघडायचो. रोज तेच, अंडर रिव्ह्यू.

सप्टेंबरात ताईचा आवाज बारीक झाला. मी एके दिवशी फोनवर विचारलं,

"ताई, येऊ का?"

 ती म्हणाली, "नको रे. चार वर्षं पाण्यात जातील तुझी. तू आपला पिक्चर सांग."

मी ऐकलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. ते सुटणं मी अजून विसरलेलो नाही.

त्या ऑक्टोबरात आम्ही दर रविवारी एकाच वेळी पिक्चर लावायचो. माझे सकाळचे साडेनऊ, तिचे संध्याकाळचे सात. माझ्या बेसमेंटच्या खिडकीतून ऊन आत यायचं आणि स्पीकरवर ताईचा श्वास ऐकू यायचा. भुतानं दार वाजवलं की ती हसायची. हसता हसता खोकला यायचा, मग दाजी पाणी द्यायचे. आता रक्त चालेल, असं तिनं एकदा सांगितलं. दवाखान्यात रोजच बघते. मी शेरॉनला पुन्हा पुन्हा नावं विचारायचो. ती म्हणाली, तुला बरं नाही का? मी नुसतं हॅलोविन म्हणालो.

नोव्हेंबरचा पहिला रविवार. इथं त्या दिवशी घड्याळं तासभर मागं जातात. फोनमधलं आपोआप जातं, माझ्या लक्षातच आलं नाही. मी साडेनऊला फोन केला तेव्हा तिकडं आठ वाजले होते. दाजींनी उचलला.

"सातपासून उशीला टेकून बसली होती. आत्ता डोळा लागलाय. उठवू का?"

"नको, झोपू दे," मी म्हणालो.

सोमवारी तिला दवाखान्यात हलवलं. ती शुद्धीवर आली नाही. गुरुवारी गेली. दाजींच्या पुतण्यानं फोनवरून स्मशान दाखवलं. मी वेअरहाऊसच्या पार्किंगमध्ये, बॅज गळ्यात तसाच, उभा होतो. हिमाची पहिली भुरभुर चालू होती. शेरॉन बाहेर आली, तिनं स्क्रीनवर पाहिलं आणि कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला.

पीआर मार्चमध्ये आला. एका ओळीची ईमेल होती.

मे महिन्यात कराडला गेलो. आईनं भाकरी केली, माझ्या आवडीचं पिठलं केलं, आणि जेवताना विचारलं, "किती दिवसांची रजा आहे?" तिच्या मनात काही नव्हतं. पाहुण्याला विचारतात तसं विचारलं. मी तीन आठवडे म्हणालो.

तुम्ही जे माझ्यासारखे इकडं आला आहात, आणि ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय, त्यांना एवढंच सांगायचंय. येऊ का, असं विचारू नका. विचारलं की समोरचं माणूस नकोच म्हणतं. तुमच्यावर माया असेल तर हमखास म्हणतं. घर म्हणजे जिथं न विचारता जाता येतं ती जागा. मी विचारलं. आता तिथं मी कळवून जातो, परतीचं तिकीट आधी काढून.