बंद गाडीतली काजळी

गौतमीच्या गॅरेजात पहिल्यांदा येणारा माणूस तिलाच विचारतो, "मेकॅनिक कुठंय?" शिक्रापुरात, ट्रकांच्या धुरळ्यात, दोन गाड्या उभ्या राहतील एवढंच तिचं गॅरेज. ती दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढली. वडील मच्छिंद्र रेल्वेत फिटर होते, त्यामुळं घरात पाने-पकडी भांड्यांइतक्याच सहज पडलेल्या असत. आयटीआय झाल्यावर सात वर्षं तिनं एका वर्कशॉपमध्ये नोकरी केली. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्या तिथंच शिकली आणि मग स्वतःचं शटर उघडलं.

एप्रिलच्या सुरुवातीला सोपानराव त्यांची हायब्रिड घेऊन आले. तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढं त्यांची शेवंतीची शेती. मुलगा रोहिदास सणसवाडीला कंपनीत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या खेपांसाठी त्यानं ही गाडी जुन्यात घेतली होती.

"लिटरला बावीस द्यायची, आता बारावर आलीया," सोपानराव म्हणाले. "आन् चढाला झटकं मारती."

गौतमीनं स्कॅनर लावला. चारही सिलिंडर अधूनमधून जळण चुकवत होते. तिनं प्लग काढले. टोकांवर कोरडी, मखमलीसारखी काजळी बसली होती, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला असते तशी. ऑइलची कांडी हुंगली, तर पेट्रोलचा वास. एअर फिल्टर, इंजेक्टर, तापमानाचा सेन्सर, सगळं तपासलं. सगळं ठीक.

"आप्पा, तुमचं इंजिन तापतच नाही," ती म्हणाली. "थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, ते पुरतं जळत नाही आणि प्लगवर बसतं. गाडी जवळजवळच फिरते का?"

"व्हय, गावातल्या गावात. कवा तरी शिरूर."

मग कोडं सुटलं, असं तिला वाटलं. तिनं नवे प्लग घातले, ऑइल बदललं, डिस्प्लेवरचा ट्रिप मीटर शून्यावर आणला आणि आठवड्यातून एकदा हायवेवर लांब चक्कर मारायला सांगितलं. सोपानरावांच्या पत्नी, धुरपदाबाई, तोवर बाकड्यावर कपाळ धरून बसल्या होत्या.

"डोकं लई उठतंय गं हल्ली. मळमळतंय बी."

उन्हाचं असेल म्हणून गौतमीनं त्यांना लिंबूपाणी दिलं.

तीन आठवड्यांनी रोहिदासचा फोन आला. ॲव्हरेज आता अकरा, झटके परत सुरू. "डिस्प्लेचा फोटो पाठवा," गौतमी म्हणाली. फोटो आला. तीनशे किलोमीटर. सरासरी वेग, ताशी पाच.

तिनं फोटो मोठा करून पुन्हा बघितला. पाचच. माणूस चालतो या वेगानं. म्हणजे गाडी एकूण साठ तास चालू होती. तीनशे किलोमीटरला गावच्या रस्त्यानंसुद्धा बारा तास पुरे. मग उरलेले अठ्ठेचाळीस तास?

तिनं सोपानरावांना फोन लावला. "आप्पा, गाडी उभी असताना चालू ठेवता का?"

"न्हाई वो. उगं पेट्रोल कशाला जाळू?"

माणूस खोटं बोलणारा नव्हता. आकडाही खोटं बोलत नव्हता. गौतमीनं हातातलं काम तसंच ठेवलं आणि स्कूटर काढली.

वस्तीवर पोचली तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. लाईट गेलेली. ओसरीत सून शितल परडीत फुलं निवडत बसली होती. सोपानराव बाजेवरून उठले.

"गाडी कुठंय आप्पा?"

त्यांनी घराला लागून बांधलेल्या खोलीकडं बोट दाखवलं. वर स्लॅब, पुढं शटर. शटर वीतभर सोडून खाली ओढलेलं.

"काकू दिसत नाहीत?"

"गाडीत हाय की. लाईट दुपारची पाचपाच तास नसती. हिला ऊन सोसत न्हाई. मंग गाडीचा एसी लावून देतो, घटकाभर पडती. ब्याटरीवर चालतो, गाडी बंदच असती."

गौतमी जागच्या जागी थिजली. शटरच्या आतून बारीक घरघर येत होती. तिचं लक्ष जाईस्तोवर ती थांबलीसुद्धा.

"बघा," सोपानराव म्हणाले, "हाय का आवाज?"

त्यांचं वाक्य संपतं न संपतं तोच घरघर पुन्हा सुरू झाली.

"आप्पा, ते इंजिन आहे! बॅटरी उतरली की ते आपोआप सुरू होतं!" गौतमी ओरडली आणि शटरला भिडली. शटर वर गेलं तशी आतली गरम, कोंडलेली हवा अंगावर आली. डोळे चुरचुरले. मागच्या सीटवर धुरपदाबाई मान टाकून पडल्या होत्या. चेहरा शांत, झोपल्यासारखा. गौतमीनं हाक मारली. ओ नाही. गालावर चापट मारली, पापणी जेमतेम हलली.

तिनं गाडी बंद केली. शितलनं पाय धरले, गौतमीनं काखेत हात घातले आणि दोघींनी त्यांना ओढत बाहेर, झाडाखाली आणलं. परडी लवंडून फुलं अंगणभर झाली होती. सोपानराव उभेच. हात नुसते हवेत.

"शटर म्याच वढतो," ते म्हणाले. "झळ लागू नये म्हून. रोज. माझ्या हातानं."

त्यांच्याकडं बघायची गौतमीची छाती झाली नाही. शेजाऱ्याच्या जीपमधून सगळ्यांनी धुरपदाबाईंना शिरूरला नेलं. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. बंद खोलीत साचलेला धूर, त्यातला विषारी वायू रक्तात भिनला होता. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून कुणाला कळलं नाही.

रोहिदास धावत आला आणि दवाखान्याच्या बाकावर गौतमीशेजारी बसला. "तुम्ही होता म्हणून," तो म्हणू लागला. तिनं नकारार्थी मान हलवली.

"काकू माझ्यासमोर डोकं धरून बसल्या होत्या. मी प्लगला चार प्रश्न विचारले, त्यांना एक विचारला नाही. लिंबूपाणी दिलं."

तिसऱ्या दिवशी धुरपदाबाई घरी आल्या. दोन-तीन आठवडे नावं विसरायच्या, मग हळूहळू ताळ्यावर आल्या. रोहिदासनं ओसरीतल्या पंख्यासाठी इन्व्हर्टर बसवला. गाडी उघड्यावर, झाडाखाली उभी राहू लागली. गौतमीनं पुन्हा प्लग बदलले. महिन्यानं काढून पाहिले तर टोकं फिकट तपकिरी, हवी तशी. ॲव्हरेज एकवीसवर गेलं.

ते सांगायला ती वस्तीवर गेली. धुरपदाबाईंनी तिचा हात धरून जवळ बसवलं आणि आवाज खाली आणला.

"एक सांगू का पोरी? म्या ह्यास्नी बोलले न्हाई. गुडघ्यानं वरीसभर डोळा लागत न्हवता बघ. त्या गाडीत कशी झोप यायची म्हनून सांगू! दुपार कवा हुतीया याची वाट बघायचे. इतकी ग्वाड झोप जल्मात लागली न्हवती."

गौतमीच्या अंगावर सरकन काटा आला. ती झोप नव्हती, त्या वायूची गुंगी होती. ती त्यांचा हात धरून नुसती बसून राहिली.