साहेबाचा निळा बैल

आता कसं सांगू तुम्हाला! अख्ख्या गावात इंग्रजी शिकलेला मी एकटा, आणि त्याच इंग्रजीनं आमची उभी ज्वारी खाल्ली!

आमचं गाव धाड नावाच्या गावाजवळचं. त्या साली ज्वारी हुरड्यात आलेली आणि हरणाच्या जातीतला, घोड्याएवढा एक दांडगा रोही रोज शेतात घुसायचा. बाबा रडकुंडीला आले. तेवढ्यात दौऱ्यावरच्या गोऱ्या साहेबाचा तंबू गावाबाहेर पडला. साहेब शिकारी! बाबांनी मला दुभाष्या म्हणून पुढं केलं.

मग काय विचारता! इंग्रजीचं मला आधीच वेड. काय त्यांची जनावरांची नावं हो! जेलीफिश हा मासा नव्हे, गिनीपिग हे डुक्कर नव्हे! ज्यानं ही नावं ठेवली त्याच्या अकलेला मी मनातल्या मनात हात जोडायचो.

बांधावर सगळा गाव जमला. रोही ज्वारीतून मान वर काढून उभा होता. उन्हात त्याचं अंग असं निळसर चमकत होतं, की साहेबसुद्धा हातातली बंदूक विसरला.

"ब्लू बुल!" तो हळूच म्हणाला.

मला कुठलं राहवतंय?

"ऐका हो! रोह्याले इंग्रजीत निळा बैल म्हणतात!"

"बैल?" आत्याबाईनं विचारलं. ही बाबांची थोरली बहीण. घरात शब्द तिचाच. "बैल हाये थो?"

"हाव! सायेबच म्हणते ना!"

संपलं! आत्याबाई तरातरा जाऊन बंदुकीपुढं उभी राहिली. "पोळ्याले ज्याच्या पाया पडता, त्याले गोळी घालता? हा तं महादेवाचा नंदी!"

"अक्का, थो रोही हाये, रोही!" बाबा कळवळले.

"तू शायना का सायेब शायना? इचार रे पोरा त्याले!"

मी विचारलं. साहेब खुशीत मान डोलावून म्हणाला, "यस, यस! बुल!"

झालं! साऱ्या गावानं हात जोडले. खरं सांगतो, माझेही जोडले गेले. इतकं देखणं जनावर मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं! साहेबानं कौतुकानं टोपी काढली, बंदूक खांद्याला अडकवली आणि निघून गेला. रोही पुन्हा कणसं खायला लागला.

"बाबा, आता कसं करायचं?" मी भीतभीत विचारलं.

बाबांनी माझ्या हातात काठी दिली. "सायेबाच्या बोलीतला बैल हाये ना थो? मंग जाय, इंग्रजीत हाकल त्याले!"

गेलो. जवळ गेल्यावर तो केवढा दिसला म्हणता! काठी आपोआप खाली आली आणि तोंडून निघालं, "प्लीज गो, सर!"

सरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुढचं कणीस तोडलं.