बाजूचं बघणारे आबा

बोलता बोलता आबा मध्येच थांबायचे, मान पूर्ण डावीकडे वळवायचे, मग सावकाश उजवीकडे, आणि म्हणायचे, "बघितलं का, बाई?" आपण बघावं, तर कुंपणाच्या तारेवर वेडा राघू नावाचा एखादा छोटा हिरवा पक्षी बसलेला असायचा. तुम्हाला वाटलं असतं, म्हातारा जरा विचित्रच आहे. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

इंदापुरात आमच्या शेजारच्या घरात ते आणि काकू राहायचे. मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांची मी 'बाई'. आबा एसटीचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी बारामती-इंदापूर रस्त्यावर गेली. निवृत्त झाल्यावर एकदा मला म्हणाले, "तीस वर्सं निस्ता रस्ता बघितला. बाजूला काय हाय, ते बघायचं ऱ्हाऊनच गेलं."

राहून गेलेलं बघायला त्यांनी घरापासूनच सुरुवात केली. तेलाच्या रिकाम्या डब्यांत मनीप्लांट, कोरफड, जास्वंद लावली. मनीप्लांटचं नवं पान सुटायला लागलं, की ते पायरीवरच ठाण मांडायचे. एका एप्रिलमध्ये दारावर चढवलेल्या वेलात बुलबुलानं घरटं केलं, तर आबांनी पुढचं दारच बंद करून टाकलं. काकू, पाहुणे, गॅसची टाकी आणणारा माणूस, सगळे परसदारातून. काकू कुरकुरायच्या. पिल्लं अंड्यांतून बाहेर आली, त्या दिवशी आबांनी काकूंना धरून स्टुलावर चढवलं. बोटाच्या पेराएवढा जीव, अंगावर पीस नाही, आणि चोच उघडली की आत लालभडक. त्यानंतर पाहुण्यांना परसदारी वळवायचं काम काकूंनीच अंगावर घेतलं.

मग चष्म्याचा नंबर काढायला गेले असताना डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं टिकवायची. कडेचं आधी जातं, समोरचं शेवटी. त्यांची ती मान वळवायची लकब कशामुळे होती, हे मला तेव्हा कळलं. आबा घरी येऊन ओट्यावर बसले. मग म्हणाले, "म्हंजे पुन्ना रस्ताच ऱ्हाणार की."

मी नुकतीच गाडी शिकले होते, हायवेला कधी नेली नव्हती. तरी मे महिन्याच्या सुट्टीत म्हटलं, पळसदेवला जाऊ. धरणाचं पाणी उतरलंय, बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलंय, फ्लेमिंगो अजून आहेत. तो त्यांचा शेवटचा उन्हाळा ठरला. पुढच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. तेव्हा आम्हाला कुणालाच त्याची कल्पना नव्हती.

सकाळी लवकर निघालो. बाजूनं ट्रक गेला की माझे हात ताठ व्हायचे. आबांनी मला एकदाही शिकवलं नाही. एवढंच म्हणाले, "तुमी रस्ता बघा, बाई. बाजूचं मी बघतो." मग मान फिरवत, जे दिसेल ते सांगत राहिले. विजेच्या तारेवर बसलेला निळा चास, केळीच्या बागेत उतरलेले बगळे, बहरलेला बहावा. पळसदेव कधी आलं, मला कळलंही नाही.

काठचा चिखल वाळून भेगाळला होता. पलीकडे उथळ पाण्यात एक पांढुरका पट्टा होता. कुणीतरी मासेमारीची होडी सुरू केली, आणि तो पट्टा उठला. शेकडो पंख एकदम उघडले, आतून लाल आणि काळे. आबांकडे बघितलं, तर ते मान हलवत नव्हते. नजर एका जागी लावून हळूहळू अख्खं अंग वळवत होते. त्यांना दिसत नसेल असं वाटून मी घाईघाईनं सांगायला लागले, थवा कुठवर पसरलाय, कुठं वळलाय.

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थवा मावत न्हाय नजरंत. म्या एकच धरलाय. त्यो पुरता बघतोय."

मीही एक पक्षी निवडला. मान पुढे ताणलेली, पाय मागे लांब केलेले, मधे ते दोन पंख. तो देवळाच्या शिखरावरून वळला, ऊन त्याच्या पोटावर आलं, आणि पाण्याच्या टोकाशी तो ठिपक्याएवढा होत होत दिसेनासा झाला. आबांचा हात अजून माझ्या मनगटावरच होता, अंग अजून हळूहळू वळत होतं. त्यांना त्यांचा पक्षी अजून दिसत होता.