कानाचं मशीन, घरपोच मोफत

परदेशातल्या एका ऑनलाइन दुकानाने मला फसवलं आणि मी माझ्या बायकोला.

धायरीत माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. सुरुवात सायकलवर बल्ब विकून केली. घासाघिशीत माझी एक रीत आहे. निम्मा भाव सांगायचा, नाही म्हटलं की पायरी उतरायची आणि सावकाश चालायचं. मागून "अहो काका, या" अशी हाक येतेच.

बायकोला कमी ऐकू येऊ लागलं तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन लावायला सांगितलं. मशीनच्या दुकानात कान तपासणाऱ्या बाईंनी किंमत सांगितली. मी निम्मी केली.

"काका, यात मशीन यांच्या कानाला जुळवून देणं आलं. पुढच्या तपासण्याही आल्या."

"सगळे असंच म्हणतात. शेवटचं बोला."

"शेवटचंच बोलले. इथे मशीन मिळतं. कांदे मंडईत."

मी पायरी उतरलो, सावकाश चाललो. हाक आली नाही. रिक्षात बायकोने विचारलं, "अहो, काय ठरलं?" मी ओरडून सांगितलं, "याहून स्वस्तात आणतो!" रिक्षावाल्यानेही मागे वळून पाहिलं.

घरी येऊन रागातच परदेशातून मागवलं. किंमत निम्म्याहून कमी, वर ठळक 'घरपोच मोफत'. मग कुरिअरचा मेसेज आला. सीमाशुल्क, कर, आणि ते आमच्या वतीने आधी भरलं म्हणून कुरिअरचा वेगळा आकार. मी फोनवर भांडलो. "सर, अटींमध्ये दिलेलं आहे." होतं. सगळ्यात खाली, बारीक इंग्रजीत.

चार्जरची पिन इथल्या सॉकेटमध्ये बसेना. अडॅप्टर माझ्याच दुकानातून नेला. मशीन कानात घातलं तर कुकरच्या शिट्टीने ती दचकून भिंतीला टेकली, आणि माझं बोलणं मात्र कळेना. ऑनलाइन दुकानाने कळवलं, जवळच्या तज्ज्ञाकडून जुळवून घ्या. परत करायचं तर पाठवायचा खर्च माझा. त्यातही आत बॅटरी आहे म्हणून कुरिअरवाले पार्सल घेईनात.

आठ महिने मी मेलवर भांडत राहिलो. मशीन कपाटात. तिने विचारणं सोडलं. पाहुणे बोलले की ती हसून मान हलवायची. मीही ते चालवून घेतलं.

शेवटी तिला घेऊन त्याच बाईंकडे गेलो. टोमणा येईल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी टोमणा मारला नाही. "या मशीनचं सॉफ्टवेअर आमच्याकडे नाही," म्हणाल्या. पुन्हा कान तपासले. "तेव्हाच घेतलं असतंत तर बरं झालं असतं. आता आवाज येईल, पण ऐकायची सवय मोडल्याने शब्द ओळखायला वेळ लागेल. सगळे ओळखता येतीलच असं नाही."

त्यांनी सांगितली ती किंमत मी दिली. राग आला नाही. त्या दिवसापासून कशाचाच नीट राग येत नाही.

आता हाक मारली की ती स्वयंपाकघरातून बाहेर येते, आणि माझ्या ओठांकडे बघत उभी राहते.

त्या परदेशातल्या दुकानाला मी अजून लिहितो. उत्तराखाली माणसाचं नाव नसतं, 'ग्राहक सेवा' एवढंच असतं. पैसे मला नकोत. 'मोफत' हे ठळक लिहिणाऱ्याने, आणि मशीन कानाला जुळवावं लागतं हे न लिहिणाऱ्याने, आपल्या नावानिशी उत्तर द्यावं. माझ्या वाट्याचं उत्तर मी तिच्यासमोर रोज देतो. तुमच्या वाट्याचं तुम्ही द्या.